उपचार नागपुरात, दुखणे वणीत

कर्करोगाच्या उपचारातले मोजके दिवस रुग्णालयात जातात, बाकीचे सगळे घरी. किमोथेरपीच्या अनेक पद्धतींमध्ये दर २१ दिवसांनी शिरेतून औषध दिले जाते. त्यासाठी एक, फार तर दोन-तीन दिवस दवाखान्यात काढावे लागतात. उलट्या, तोंडातले फोड, ताप, अशक्तपणा आणि पुढच्या फेरीची धास्ती हे सारे उरलेल्या अठरा ते वीस दिवसांत घरातच निभावायचे असते. शस्त्रक्रियेनंतर जखम सुकायला लागली की रुग्णाला सुट्टी मिळते. किरणोपचार, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘शेक’, आठवड्यातले पाच दिवस असा बऱ्याचदा सहा-सात आठवडे चालतो. तेवढा काळ घर सोडून शहरात राहावे लागते. आणि रोग बरा होण्यापलीकडे गेला असेल, तर शेवटचे महिने बहुतेकांचे घरीच जातात. शहरातल्या यंत्रांवर आणि औषधांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, घरातल्या या दिवसांवर फार थोडे. वणी आणि आसपासच्या तालुक्यांत हे दिवस सुसह्य व्हायचे असतील तर काय लागते आणि त्यातले किती गावातच होऊ शकते, ते या प्रकरणात पाहायचे आहे.

गाव आणि अंतर

वणी हे यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे, निर्गुडा नदीकाठचे तालुक्याचे ठिकाण. लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मगाव. इंग्रजी अमलात हा जिल्हाच ‘वुन’, म्हणजे वणी, या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. आज तालुका जगतो तो कापूस, सोयाबीन आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणींवर. शेजारच्या मारेगाव आणि झरी-जामणी तालुक्यांचीही मोठी बाजारपेठ वणीच. या भागात गोंड आणि कोलाम वस्ती मोठी आहे. कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, मुख्य गावापासून दूर, शेतांच्या आणि जंगलाच्या कडेला असतात. तालुक्याचा कारभार यवतमाळहून चालतो, लोकसभेचे मत चंद्रपूर मतदारसंघात पडते आणि मोठे दुखणे आले की गाडी नागपूरच्या रस्त्याला लागते.

नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जामठा येथील नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. वर्ध्याकडे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचे रुग्णालय. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. वणीला सर्वांत जवळ पडणाऱ्या चंद्रपुरात टाटा ट्रस्टच्या सहभागाने कर्करोग रुग्णालयाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. याखेरीज ‘टाटाला नेऊ’ हे वाक्य आजही घरोघर निघते. १९४१ मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयावर विदर्भातल्या खेड्यांचाही तेवढा विश्वास बसलेला आहे. म्हणजे रुग्णालये नाहीत असे नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या आणि घराच्या मधल्या शंभर-सव्वाशे किलोमीटरचा, आणि तिथून परत आल्यावर पाठीशी कोण उभे राहते याचा.

दुखण्याच्या चार बाजू

रुग्णाच्या वेदनेकडे समग्रपणे पाहण्याची रीत आधुनिक वैद्यकात रूढ केली ती सिसिली साँडर्स यांनी. आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांचे शुश्रूषालय, सुरू केले. त्यांनी मांडलेली कल्पना ‘समग्र वेदने’ची: शरीराचे दुखणे, मनाचे दुखणे, घरदार-पैसा-नात्यांचे दुखणे आणि ‘माझ्याच वाट्याला हे का’ या प्रश्नाचे दुखणे एकमेकांत गुंतलेली असतात. एकाला औषध दिले आणि बाकीची तशीच ठेवली, तर पहिलेही पुरते शमत नाही. या विचारातून उभ्या राहिलेल्या शाखेला मराठीत परिहारक किंवा उपशामक उपचार म्हणतात. तिच्याबद्दलचा मोठा गैरसमज असा, की ती शेवटच्या दिवसांसाठीच आहे. प्रत्यक्षात निदानाच्या दिवसापासून, बरा होण्याची पूर्ण आशा असतानाही, हा आधार मूळ उपचाराच्या बरोबरीने द्यायचा असतो.

वणीकडचे नेहमीचे उदाहरण घेतले तर हे गुंतणे स्पष्ट होते. पाच एकर कोरडवाहू शेती असलेल्या चाळिशीतल्या माणसाच्या गालात गाठ निघते. जबडा दुखतो म्हणून झोप नाही. झोप नाही म्हणून चिडचिड. बोलणे कळत नाही म्हणून तो पारावर जायचे सोडतो. पऱ्हाटीला फवारणीची वेळ झालेली असते आणि फवारणारा हात हाच. पीककर्ज थकलेले. मुलीचे बारावीचे वर्ष. बायको त्याच्याबरोबर नागपुरात असल्याने घरी म्हातारी आई आणि दोन पोरे. रात्री दुखते तेव्हा हे सगळेच एकदम दुखते. गोळी त्यातल्या एका भागावर काम करते. तो भाग लहान नाही, आणि गोळी मिळत नसेल तर बाकी सल्ल्यांना काही अर्थ राहत नाही, हेही तितकेच खरे.

खर्रा आणि त्यानंतरचे तोंड

विदर्भात मुखकर्करोगाचा विषय खर्ऱ्याशिवाय होत नाही. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटून केलेला खर्रा यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीत पानटपरीवर, शेतात, लग्नात, कार्यालयात सर्वत्र चालतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीवर हाताने घोटला जाणारा खर्रा मात्र तिला सहज वळसा घालून गेला. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे कोणते ना कोणते सेवन करताना आढळले आणि त्यातला फार मोठा भाग धूरविरहित तंबाखूचा होता. तंबाखू तर घातक आहेच; पण सुपारीही स्वतंत्रपणे कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे. सुपारीने गालाच्या आतले आवरण कडक होत जाते, तिखट सोसेनासे होते, तोंड उघडायचे कमी होते. दोन बोटेही तोंडात जाईनाशी झाली की माणूस दातांच्या डॉक्टरकडे जातो, आणि पुष्कळदा तोपर्यंत उशीर झालेला असतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शासन आणि टाटा ट्रस्टबरोबर २०१६ मध्ये सुरू केलेले ‘मुक्तिपथ’ अभियान दारूबरोबर खर्ऱ्यालाही हात घालते. तसे काम कोळसा पट्ट्यात झाले तर पुढच्या प्रकरणांची गरजच थोडी कमी होईल.

शस्त्रक्रियेत जबड्याचा, गालाचा किंवा जिभेचा भाग काढावा लागतो. जीव वाचतो, खाणे, बोलणे आणि चेहरा बदलतो. या तिन्हींवर करायचे काम घरचेच आहे. नाकातून जठरात घातलेल्या नळीतून भरवायला घरातल्या बाईला शिकावे लागते: रुग्णाला बसते करायचे, नळी जागेवर असल्याची खात्री करायची, पातळ केलेले वरण, भाताची पेज, ज्वारीची आंबील किंवा दूध हळूहळू सोडायचे, शेवटी पाण्याने नळी धुवायची आणि भरवल्यावर अर्धा-एक तास आडवे होऊ द्यायचे नाही. रुग्णालयात हे सुट्टीच्या दिवशी पाच मिनिटांत सांगितले जाते. ऐकणारी बाई तेव्हा बिलाच्या, कागदाच्या आणि गाडीच्या विचारात असते. घरी पहिल्याच रात्री नळी निघाली तर तिला कोणाला विचारायचे हे ठाऊक नसते.

जबडा पुन्हा आखडू नये म्हणून व्यायाम करावा लागतो. आइस्क्रीमच्या काडीसारख्या चपट्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरायची आणि काही दिवसांनी एकेक काडी वाढवायची, ही स्वस्त रीत भारतभर वापरली जाते. किरणोपचारात लाळ कमी होते. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या चुळा आणि थोड्या थोड्या वेळाने पाण्याचा घोट याने बराच आराम पडतो. चेहऱ्याचे दुखणे याहून अवघड. लग्नाच्या पंगतीत बसायला माणूस तयार होत नाही, कारण घास बाहेर येतो. त्यात ‘खर्रा खाल्ला, भोगा आता’ हे वाक्य कोणीतरी ऐकवतेच. व्यसनाचा दोष आणि आजाराची शिक्षा यांची अशी गाठ घालणे क्रूर आहे. शिवाय त्या लाजेपायी लोक निदानच उशिरा करून घेतात.

वेदनेची गोळी

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली: आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, मग सौम्य अफूजन्य औषधे, आणि तीव्र वेदनेला तोंडाने घ्यायची मॉर्फिन. औषध दुखायला लागल्यावर घ्यायचे नाही, घड्याळाप्रमाणे घ्यायचे. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी. नीट बेतलेल्या मात्रेत बहुसंख्य रुग्णांची वेदना आटोक्यात येते. बद्धकोष्ठ हमखास होते, म्हणून पहिल्या दिवसापासून जुलाबाचे औषध बरोबर द्यावे लागते. एवढ्या साध्या गोष्टीवाचून अनेक रुग्ण मॉर्फिन सोडून देतात.

भारत औषधी अफू पिकवतो. मंदसौर-नीमच आणि राजस्थानच्या चितोडगड भागात परवान्याने तिची शेती होते. तरीही आपल्या रुग्णांना मॉर्फिन मिळणे दुर्मीळ राहिले. कारण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. एका गोळीच्या साठ्यासाठी अनेक खात्यांचे परवाने लागत आणि कागदात चूक झाली तर तुरुंगाची भीती. डॉक्टर आणि औषध दुकानदार यांनी तो नादच सोडला. कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह काही औषधे ‘अत्यावश्यक’ वर्गात आली. प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाच्या एकाच परवानगीने ती ठेवता-देता येतात. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयालाही अशी मान्यता घेता येते. कायद्याचा अडसर आता मुख्य राहिलेला नाही. भीती उरली आहे, डॉक्टरांची आणि घरच्यांचीही. ‘मॉर्फिन सुरू केली म्हणजे संपले’ असे नातेवाइकांना वाटते. खरे तर वेदना थांबल्याने झोपू लागलेला, चार घास खाऊ लागलेला माणूस शेतावर चक्कर मारून येतो, अशी उदाहरणे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना नवी नाहीत.

वणीपुरते एकच सुधारायचे म्हटले, तर पहिला क्रम मॉर्फिन मिळण्याचा लागावा. यंत्र, इमारत, तज्ज्ञ यांतले काहीही त्याला नवे लागत नाही. एक शिकलेला डॉक्टर, एक परिचारिका, कुलपाचे कपाट आणि नोंदवही पुरते.

ताप आणि जखम

घरी असताना दोन गोष्टी कुटुंबाला सर्वाधिक घाबरवतात. एक खरोखरच धोक्याची आहे. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेलेला ताप साधा समजून पॅरासिटामॉलवर काढता येत नाही. काही तासांत शिरेतून प्रतिजैविक सुरू झाले नाही तर जीव जाऊ शकतो. अशा वेळी सकाळच्या नागपूर गाडीची वाट पाहू नये, वणीच्याच रुग्णालयात पहिला डोस घ्यावा आणि मग पुढे हलावे. त्यासाठी रुग्णाजवळ एका पानाचा कागद हवा: कोणते औषध कधी दिले, ताप आला तर काय द्यायचे, उपचार करणाऱ्या विभागाचा फोन. रात्रपाळीच्या डॉक्टरला जाडजूड फाइल वाचायला सवड नसते.

दुसरी गोष्ट उघड्या जखमेची. गालावरची किंवा स्तनाची गाठ फुटली की वास येतो, आणि वासापायी रुग्ण गोठ्याजवळच्या खोलीत जातो, पोरे जवळ येईनाशी होतात. जखम मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन मेट्रोनिडाझोलच्या गोळीची वस्त्रगाळ पूड टाकली की दोन-तीन दिवसांत वास उतरतो. ही गोळी कोणत्याही औषध दुकानात काही रुपयांत मिळते. अळ्या पडल्या तर टर्पेंटाइन तेलाचा बोळा धरून त्या बाहेर येऊ देतात आणि चिमट्याने काढतात. हे काम मात्र परिचारिकेने आधी करून दाखवावे. वास गेला की माणसे परत येऊन बसतात. या शाखेतल्या उपचारांत इतक्या कमी खर्चात इतके परत देणारे दुसरे काही क्वचितच असेल.

बाईचे दुखणे

पुरुष आजारी पडला तर बायको त्याच्याबरोबर शहरात जाते. बाई आजारी पडली तर बरोबर कोणी जायचे हेच ठरत नाही. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून ती कोणाला सांगत नाही. अंगावरून जाणे, पाळी थांबल्यावरचा रक्तस्राव ही ‘बायकांची कामे’ म्हणून सोसली जातात. ऑक्टोबरनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की तिची मजुरीही बुडवता येत नाही आणि किमोची फेरी पुढे ढकलली जाते.

घराजवळ पोचलेल्या सेवेने या चित्रात किती फरक पडतो, याचा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयाभोवती १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगू लागले आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. त्याच परिसरातल्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे त्यातून २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठवाडा आणि बार्शीचा हा प्रदेश वणीपेक्षा फार वेगळा नाही: कोरडवाहू, मजुरीवरचा, मोठ्या शहरापासून लांब. आता राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ३० वर्षांवरच्या स्त्री-पुरुषांची तोंडाची आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिर या गावपातळीवरच्या आरोग्य केंद्रांत होणे अपेक्षित आहे. तपासणीत संशय आलेल्या बाईला यवतमाळ किंवा नागपूरपर्यंत कोणी नेऊन आणायचे, हा प्रश्न मात्र फॉर्मवर कुठे नसतो. गावातली आरोग्य कार्यकर्ती असलेल्या ‘आशा’ ताईने बरोबर जाणे हे त्याचे प्रत्यक्षातले उत्तर. त्या दिवसाचा मोबदला तिला मिळाला पाहिजे.

सांगावे की लपवावे

निदानाचा कागद आधी मुलगा किंवा भाऊ वाचतो आणि ‘त्यांना सांगू नका, खचतील’ असे डॉक्टरला बजावतो. रुग्णाला तोवर बहुधा कळलेले असते. कर्करोग रुग्णालयाची पाटी त्याने वाचलेली असते. तो घरच्यांना जपण्यासाठी गप्प राहतो, घरचे त्याला जपण्यासाठी. परिणाम असा, की शेतीची वाटणी, मुलीचे शिक्षण, कोणाकडून घेतलेले उसने हे बोलायचे राहून जाते आणि भीती दोन्हीकडे एकट्याने भोगली जाते. प्रशिक्षित समुपदेशक सत्य अंगावर टाकत नाही. ‘तुम्हाला आजाराबद्दल काय सांगितले आहे, आणखी काय जाणून घ्यायचे आहे’ असे विचारत, रुग्ण जितके मागेल तितके पुढे सरकतो. काहींना खरोखरच जाणून घ्यायचे नसते. तोही त्यांचा हक्क.

यवतमाळ जिल्ह्यात मनाच्या आरोग्यासाठी एक चौकट आधीच आहे. शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आशा घरोघर जाऊन ताणाची लक्षणे टिपतात आणि पुढे समुपदेशनाकडे पाठवतात. २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत फोनसेवा मराठीतही मिळते. कर्जाने खचलेल्या शेतकऱ्यासाठी उभे केलेले हे जाळे कर्करोगाने आणि त्याच्या कर्जाने खचलेल्या घराला वापरता येऊ नये, असे काही कारण नाही. पुष्कळदा ते एकच घर असते. सेवा करणाऱ्या बाईची विचारपूसही यातच यावी: तिची झोप, तिची पाठ, तिची राहून गेलेली स्वतःची औषधे.

कागद आणि पैसा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमुळे शस्त्रक्रिया, किमो आणि किरणोपचार यांचा मोठा भाग अंगीकृत रुग्णालयांत मोफत होतो. राज्याने २०२३ मध्ये कुटुंबाचे वार्षिक संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय घेतला. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. खाणीतल्या कायम कामगाराला कंपनीची वैद्यकीय सोय असते; ठेकेदाराकडच्या चालकाला किंवा हमालाला ती तशी मिळत नाही.

घर बुडते ते योजनेत न मावणाऱ्या खर्चात. भाडे, सोबत्याचे जेवण, शहरातली खोली, दोन माणसांची बुडालेली मजुरी. यातल्या काहींवर तोडगे आहेत, पण ते वेगवेगळ्या खिडक्यांवर विखुरलेले. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान आणि थ्री-टायर वातानुकूलित डब्यात पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. वणीचे स्थानक माजरी-आदिलाबाद मार्गावर असल्याने ती इथेही उपयोगी पडते. एसटीतही सवलत मिळते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगाने काम करू न शकणारी निराधार व्यक्ती बसते. तिचा अर्ज तहसीलमध्ये होतो. जिल्हा परिषदेची दुर्धर आजारासाठीची मदत आणि मुख्यमंत्री सहायता निधी वेगळे. प्रत्येकाला उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, आणि दर वेळी तेच कागद नव्याने. किमोच्या दुसऱ्या आठवड्यातला माणूस तहसीलच्या रांगेत उभा राहू शकत नाही. आठवड्यातून एक दिवस एकाच टेबलावर हे सर्व अर्ज भरून देणारी एक व्यक्ती वणीच्या रुग्णालयात बसली, तर त्या व्यक्तीचे काम औषधाइतकेच गुणकारी ठरेल.

मुंबईला जावे लागलेल्यांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा हा जुना आसरा. शेंडगावच्या, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या, या संताच्या नावाने टाटा रुग्णालयाचे रुग्ण आणि सोबती अल्प खर्चात राहतात, जेवतात. परळच्या नाना पालकर स्मृती समितीचेही काम असेच आहे.

कोण करणार

केरळात १९९३ मध्ये कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी परिहारक उपचाराची संस्था सुरू केली. दवाखान्यात बसून भागत नाही हे उमजल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच शिकवण्याची चळवळ उभी राहिली: शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी आठवड्यातले दोन तास देत आणि परिचारिका घरोघर जात. राज्याने २००८ मध्ये त्याचे धोरण केले आणि पंचायतींनी खर्च उचलला. महाराष्ट्रात याआधीच, १९८६ मध्ये, वांद्र्याला शांती आवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस सुरू झाले होते. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे आणि नागपुरात ‘स्नेहांचल’ हे काम करते. पण आपल्याकडची ही कामे शहरात राहिली. केरळातले काम गावात शिरले.

केरळची नक्कल इथे जशीच्या तशी चालणार नाही. तिथे वस्ती दाट असते. झरी-जामणीतल्या पोडावर परिचारिकेने पोचायचे तर पावसाळ्यात अर्धा दिवस जातो, आणि कोलामी बोलणाऱ्या म्हातारीशी संवादाला तिथलीच मुलगी लागते. त्याऐवजी इथे दुसरे काही आहे. सुमारे हजार वस्तीमागे एक आशा आहे. परिहारक सेवा हा आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या विस्तारित सेवांपैकी एक भाग असून तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेला असतो. आणि विदर्भात अनेक गावांत गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होते. या मंडळाचे संस्थापक, ज्यांचे नाव नागपूरच्या रुग्णालयाला आहे ते तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले. गावाने गावाचे करावे ही त्यांची शिकवण होती. प्रार्थनेला जमणाऱ्या चार माणसांनी आठवड्यातून एकदा आजाऱ्याच्या घरी जाऊन बसणे तिच्या बाहेरचे नाही. ‘माझ्याच वाट्याला का’ या प्रश्नाला डॉक्टरकडे उत्तर नसते. भजनाला येऊन बसणाऱ्याकडेही नसते, पण तो उठून जात नाही.

शेवटचे दिवस आणि नंतर

अखेरच्या आठवड्यांत अन्न-पाणी कमी होते, झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वास घरघरतो. हे क्रमाने होणार असे आधी सांगितलेले नसेल तर घरचे घाबरून भाड्याची गाडी करतात आणि पुष्कळदा माणूस रस्त्यात जातो. सांगितलेले असेल तर ते दोन तासांनी कूस बदलतात, ओठ ओले ठेवतात, गिळता येईनासे झाल्यावर औषध कसे द्यायचे ते परिचारिकेला विचारतात आणि नातेवाइकांना बोलावून घेतात. घरीच राहायचे की दवाखान्यात न्यायचे, हे रुग्ण बोलू शकतो तोवर त्याला विचारून ठेवणे बरे. आपल्याला कृत्रिम जीवनाधार नको, असे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली.

मृत्यूनंतर आरोग्यसेवकाची एक भेट व्हायला हवी, साधारण तेरवीनंतर, पाहुणे पांगल्यावर. उरलेली मॉर्फिन परत घेऊन तिची नोंद करायची असते. खर्रा खाणाऱ्या मुलाचे तोंड त्याच भेटीत पाहून घेता येते. वडिलांचा आजार ताजा असताना तो ऐकतो. विधवा झालेल्या बाईचा निराधार अनुदानाचा अर्ज आणि दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेच्या २०,००० रुपयांचा अर्ज तहसीलला द्यायचा असतो. त्यासाठी लागतो मृत्यूचा दाखला, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत करून घेतली की तो विनासायास मिळतो.